मावळ्याचं बूड

मातीचा मावळा हातात आला की त्याचं तोंड बघत बसू नये, तो उलटा करावा. तोंडावर रंगवणाऱ्याची लहर असते. मिशी एका वर्षी वर वळते, दुसऱ्या वर्षी खाली. तो कसा घडला ते बुडाशी कळतं. माझा जन्म टूलरूममध्ये साचे करण्यात गेला, म्हणून ही खोड. घरी एका कपाटात १:३५ मापाचे प्लास्टिकचे रणगाडे आहेत, दुसऱ्यात दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे. पाहुणे रणगाड्यांपाशी थांबतात. कसब्याचा इतिहास मात्र दुसऱ्या कपाटात आहे.

कसबा ही पुण्यातली कारागिरांची पेठ. तांबट आळी, बुरूड आळी, कागदीपुरा आणि नदीच्या अंगाला कुंभारवाडा. कुंभाराचं वर्ष सणावारांनी आखलेलं: नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडं, उन्हाळ्यातले माठ. मावळे पणत्यांच्या हंगामातले. पणती चाकावर होते, मावळ्याला साचा लागतो. पुढचा आणि पाठचा असे साच्याचे दोन भाग. त्यांत चिकणमाती बोटांनी दाबायची, ओल्या मातीने सांधा जोडायचा, सुकवायचं, भाजायचं, वर पांढरा हात देऊन रंगवायचं. म्हणून जुना मावळा आतून पोकळ असतो. बुडातून आत डोकावलं की दाबणाऱ्या बोटांचे ठसे दिसतात. दोन भागांचा सांधा खांद्यावरून कुशीत उतरतो. आम्ही कारखान्यात त्याला पार्टिंग लाईन म्हणायचो. ती ओल्या फडक्याने पुसलेली असेल तर काम सवडीने झालेलं. तशीच राहिली असेल तर वसुबारस तोंडावर आली होती असं समजावं.

माझ्याकडच्या काही मावळ्यांच्या मुठीत आरपार भोक आहे. ते तलवारीचं. मातीचं पातं भट्टीतून वाचलं तरी पोरांच्या हातून वाचत नाही. आम्ही तांबट आळीतून तांब्याच्या पत्र्याची कात्रणं मागून आणायचो, दगडावर घासून टोक काढायचो आणि मुठीत बसवायचो. आज रणगाड्याच्या शौकिनांसाठी पितळी पत्र्यातून कोरलेल्या जाळ्या आणि लेथवर कातलेल्या तोफेच्या नळ्या वेगळ्या विकत मिळतात. किट एकाचं, नळी दुसऱ्याची. आमच्याकडे मावळा कुंभाराचा आणि तलवार तांबटाची, हे त्याआधीच ठरलेलं होतं. किल्ल्यावरच्या कारंज्याला लागणारी सलाईनची नळी तेवढी ओळखीच्या कंपाउंडरकडून यायची.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठा पेठांत शिरली. नदीकाठच्या कुंभारवाड्याची काय कथा! माझ्या संग्रहातला एक मावळा जुना वाडा पाडताना तळमजल्यात निघाला. तो पुरातला, असं वाड्यातली म्हातारी माणसं सांगत. रंगाचा टिपूस उरलेला नाही, पण नाकाची धार शाबूत आहे. भाजलेली माती पाण्याला दाद देत नाही.

पुढे पेठ दाटत गेली. घराला घर लागलं, भट्टीचा धूर शेजाऱ्यांच्या डोळ्यांत जाऊ लागला, बरीच कुंभार मंडळी मुंढव्याला केशवनगरात गेली. मावळ्यांच्या बुडात हे स्पष्ट दिसतं. ते पांढरं, सपाट आणि भरीव झालं. प्लास्टर ऑफ पॅरिसला माती मळायला नको, सरपण नको, भट्टी नको. कालवलं, साच्यात ओतलं, थोड्या वेळात काढलं. धंद्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पण अळीव उगवावा म्हणून किल्ल्यावर रोज पाणी शिंपडलं की भाऊबीजेपर्यंत प्लास्टरच्या मावळ्याचे पाय भुसभुशीत होतात. जुना मावळा किल्ला मोडल्यावर धुऊन पुढच्या वर्षासाठी माळ्यावर जायचा.

मापाचं म्हणाल तर दोन्ही कपाटांत गंमत आहे. जपानच्या टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं किट काढलं, ते आत मोटार आणि सेल मावतील एवढं. मागाहून मोजलं तर माप १:३५ च्या आसपास भरलं आणि तेच जगभर रूढ झालं. किल्ल्यावर माप मानाप्रमाणे: महाराज दरवाजाहून उंच, मावळे त्यांच्या गुडघ्याला. या मापात एकदा रणगाडाही बसला. पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेंच्युरियन रणगाड्यातून लढताना कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यानंतरच्या दिवाळीत आमच्या सिंहगडाच्या पायथ्याशी पत्र्याचा रणगाडा उभा राहिला. मावळा त्याच्याहून वीतभर उंच. आजोबा म्हणाले, ‘‘असू दे रे, तोही पहाऱ्यालाच आहे.’’

आता जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानात महापालिकेची किल्ले स्पर्धा असते, तिथे मुलं नकाशे काढून, बुरूज मोजून किल्ले करतात. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. दगडाची काळजी घ्यायला आता पुष्कळ जण आहेत. मातीच्या मावळ्यांचे साचे मात्र वाडे पडतात तसे राडारोड्यात जातात, कारण ती वस्तू जपायची असते हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. अडकित्ते आणि दिवे जपण्याजोगे आहेत, हे दिनकर केळकरांना दिसलं म्हणून आज ते त्यांच्या संग्रहालयात बघायला मिळतात.

तेव्हा यंदा माळा आवराल तेव्हा मावळे टाकू नका आणि नव्याने रंगवूही नका. बुडात बोटांचे ठसे दिसले तर कुठल्या घरातला, कोणाकडून घेतलेला, ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी आत सरकवा. पोकळ असतो, मावते. आणि साचा सापडला तर माझ्यासारख्या शौकिनाला देऊ नका. मी तो कपाटात ठेवीन. केशवनगरात नेऊन द्या, तिथे त्यात माती भरणारे हात आहेत.