मालिका 'तीच' राहते का?

मंडळी, लॉकचं म्हणणं आपण मागे पाहिलं: माणूस 'तोच' राहतो तो स्मृतीमुळे. आज हे एका मालिकेला लावून पाहू. बीबीसीची 'डॉक्टर हू' १९६३ साली सुरू झाली नि १९८९ साली थांबली. पुढे चाहत्यांनीच ती जगवली. कादंबऱ्या लिहिल्या, श्राव्यनाट्यं काढली. बीबीसीने पुसून टाकलेल्या जुन्या भागांचे आवाजसुद्धा चाहत्यांनी घरी टेप केले होते, म्हणून वाचले.

२००५ साली मालिका परतली, तेव्हा आनंदाबरोबर धास्तीही होती. पॉपगायिका बिली पायपर कशी चालणार? याला आपण हेकटपणा म्हणू नये. स्मृती ज्यांनी सांभाळली, 'ही तीच का?' हे विचारायचा हक्क त्यांचाच. आणि नवी मालिका उभी करणारे रसेल टी. डेव्हिस? तेही जुने चाहतेच! म्हणजे परीक्षक नि परीक्षार्थी एकाच घरातले. पहिला भाग १ कोटीहून अधिक लोकांनी पाहिला.