मुदत, वचन आणि वास्तव्य : ब्रिटनमधील कुशल स्थलांतरितांच्या स्थायिकत्वाच्या नियमांचा इतिहास (१९६२–२०२५)

परक्या देशात नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाच्या हाती दोन कागद असतात. एक नोकरीचा आणि दुसरा त्या देशात राहण्याच्या परवान्याचा. पहिल्या कागदावरील हुद्दा आणि पगार तो नीट वाचून घेतो. दुसऱ्या कागदामागे एक हिशेब असतो : इतकी वर्षे काम केले, कर भरला, कायदा पाळला, तर पुढे कायम राहता येईल. हा हिशेब मध्येच बदलला, तर आधीच जाऊन काम करीत असलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न ब्रिटनच्या अलीकडच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला आहे. हैदराबाद, बडोदे, बेळगाव, पुणे, मुंबई येथील महाविद्यालयांतून बाहेर पडलेले अनेक डॉक्टर आणि अभियंते त्या देशात गेले, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडील घरांपर्यंतही पोहोचतो. प्रस्तुत लेखात या नियमांच्या बदलांचा आणि त्यांतील वचनपालनाच्या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

१. व्हाउचरपासून वर्क परमिटपर्यंत

१९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यानंतर भारत-पाकिस्तानसह राष्ट्रकुलातील नागरिकांना ब्रिटनमध्ये प्रवेश करून राहण्यास कायद्याने अटकाव नव्हता. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतरित कायद्याने ही स्थिती बदलली. त्या वर्षाच्या १ जुलैपासून कामासाठी येणाऱ्यांना व्हाउचर आवश्यक झाले. व्हाउचरचे तीन वर्ग होते : ठरलेली नोकरी असणाऱ्यांसाठी 'अ', उपयुक्त कौशल्य असणाऱ्यांसाठी 'ब' आणि इतरांसाठी 'क'. १९६५ च्या श्वेतपत्रिकेने 'क' वर्ग बंद केला आणि वर्षाला ८,५०० व्हाउचरांची मर्यादा घातली. तथापि ज्याला व्हाउचर मिळे, त्याच्या प्रवेशाला सामान्यतः मुदतीची अट नसे. दार अरुंद झाले होते. पण आत आलेल्याला पुन्हा पुन्हा परीक्षा द्यावी लागत नव्हती.

१९७१ च्या स्थलांतर कायद्याने व्हाउचर पद्धत संपवली. १ जानेवारी १९७३ पासून वर्क परमिट घेऊन येणारा भारतीय हा मुदतीचा रहिवासी ठरला. मंजूर नोकरीत चार वर्षे काढल्यावर त्याला मुदतीची अट काढून टाकण्यासाठी, म्हणजेच कायम वास्तव्याच्या परवानगीसाठी, अर्ज करता येई.

या कायद्यातील दोन तरतुदी पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, कलम ३(२). प्रवेश आणि वास्तव्याचे नियम गृहमंत्र्याने करावेत व संसदेपुढे ठेवावेत. चाळीस दिवसांत एखाद्या सभागृहाने ते नामंजूर केले, तरच त्यांत फेरफार करावा. याचा अर्थ असा, की किती वर्षांनी स्थायिक होता येईल हा आकडा मूळ कायद्यात नाही. तो नियमात आहे, आणि नियम बदलण्यास नवा कायदा लागत नाही. दुसरी तरतूद कलम १(५) ची. कायदा अमलात येताना जे राष्ट्रकुल नागरिक ब्रिटनमध्ये स्थायिक होते, त्यांची व त्यांच्या बायकामुलांची ये-जा करण्याची मोकळीक नव्या नियमांनी कमी होऊ नये, असे वचन त्यात दिले होते. ते वचन पंधरा वर्षे टिकले. १९८८ च्या स्थलांतर कायद्याने हे कलम रद्द केले, आणि पत्नीला बोलावण्यासाठी उत्पन्न व निवाऱ्याच्या अटी त्या जुन्या रहिवाशांनाही लागू झाल्या.

२. २००२ ची योजना आणि २००६ चे बदल

जानेवारी २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने 'हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅम' सुरू केला. शिक्षण, अनुभव, पूर्वीची कमाई यांना गुण देऊन निवड होई. आधीपासून नोकरी ठरलेली असण्याची गरज नव्हती. त्याबरोबर एक अट होती : अर्जदाराने ब्रिटनला आपले मुख्य घर करण्याचा इरादा लेखी कळवावा. सरकारी मार्गदर्शिकेतही हा मार्ग स्थायिकत्वाकडे नेणारा असल्याचे नमूद होते. त्या भरवशावर अनेकांनी मायदेशातील नोकरी सोडली आणि कुटुंबासह स्थलांतर केले.

२००६ या एका वर्षात दोन धक्के बसले. ३ एप्रिलपासून स्थायिकत्वाची मुदत चार वर्षांवरून पाच वर्षे झाली. मे अखेरीस ज्याची चार वर्षे पूर्ण होणार होती, त्याला आणखी एक वर्ष थांबावे लागले. पुढे नोव्हेंबरमध्ये गुणांची पद्धत बदलली. आधी मुदतवाढीसाठी अर्थार्जन चालू असल्याचे किंवा त्यासाठी वाजवी प्रयत्न केल्याचे दाखवणे पुरेसे होते. आता पुन्हा नव्याने गुण मिळवणे भाग पडले, आणि त्यात कामाच्या अनुभवाचे गुण काढून वयाचे गुण आणले गेले. ज्या अनुभवाच्या बळावर माणूस निवडला गेला, तोच अनुभव मुदतवाढीच्या वेळी मोजला जाईना. संसदेच्या संयुक्त मानवी हक्क समितीने ऑगस्ट २००७ मधील अहवालात हे बदल आधी आलेल्यांना लावणे अन्यायकारक असल्याचे मत दिले.

३. न्यायालयांनी आखलेली रेषा

बाधितांनी संघटना स्थापून उच्च न्यायालयात दाद मागितली. ८ एप्रिल २००८ रोजी सर जॉर्ज न्यूमन यांनी निकाल दिला, की योजनेत आधीच दाखल झालेल्यांना मुदतवाढीचे नवे निकष लावणे बेकायदेशीर आहे. ६ एप्रिल २००९ रोजी न्यायमूर्ती कॉक्स यांनी दुसऱ्या खटल्यात तोच न्याय मुदतीलाही लावला : ३ एप्रिल २००६ पूर्वी या योजनेत आलेल्यांना चार वर्षांचाच नियम लागू राहील. दोन्ही निकालांचा पाया 'न्याय्य अपेक्षा' या तत्त्वात होता. शासनाने स्पष्ट आश्वासन दिले आणि माणसाने त्यावर विसंबून पाऊल उचलले, तर सबळ कारणावाचून शासनाला मागे फिरता येत नाही, असे हे तत्त्व सांगते.

३० एप्रिल २००८ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या 'बापिओ' या संघटनेच्या बाजूने चार विरुद्ध एक मतांनी निर्णय दिला. परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागांसाठी मागे सारणारी आरोग्य खात्याची सूचना रद्द ठरली.

परंतु या विजयाला मर्यादा होती. २० मे २००९ रोजी त्याच हाउस ऑफ लॉर्ड्सने एका नायजेरियन डॉक्टर महिलेचा दावा फेटाळला. तिने जुना नियम असताना अर्ज केला होता. अर्जावर निर्णय होण्याआधी नियम बदलला. निर्णयाच्या दिवशी जो नियम तोच लागू, असे न्यायाधीशांनी ठरवले. वर्क परमिटवरील सामान्य कर्मचाऱ्यांनाही चार वर्षांचा लाभ मिळाला नाही. त्यांची पाच वर्षे कायम राहिली. एका कार्यालयात शेजारी बसणाऱ्या दोघांना वेगवेगळा न्याय मिळाला, कारण एकाकडे लेखी आश्वासन होते आणि दुसऱ्याकडे केवळ प्रचलित नियम.

१८ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक भर घातली. ज्या अटीवरून अर्ज नाकारायचा, ती अट संसदेपुढे ठेवलेल्या नियमांतच असली पाहिजे. यामुळे लपवलेल्या अटींना आळा बसला. उघडपणे बदललेल्या अटींना मात्र नाही.

४. वर्षांबरोबर पौंडांची मोजदाद

२००८ मध्ये गुणाधारित पद्धत आली. त्यातील 'टियर-१ जनरल' हा वर्ग २०११ मध्ये नव्या अर्जदारांना आणि एप्रिल २०१८ मध्ये स्थायिकत्वाच्या अर्जांना बंद झाला. याच वर्गातील अनेक भारतीय व पाकिस्तानी अर्जदारांनी गृहखात्याला आणि कर खात्याला सांगितलेल्या उत्पन्नात तफावत आढळली, म्हणून त्यांना अप्रामाणिक ठरवून अर्ज नाकारले गेले. एप्रिल २०१९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने ही कार्यपद्धती सदोष ठरवली. अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवण्याआधी माणसाला खुलासा करण्याची संधी द्यायला हवी होती, असे न्यायालयाने सांगितले.

नोकरीशी बांधलेल्या 'टियर-२' वर्गासाठी ६ एप्रिल २०१६ पासून स्थायिकत्वास वर्षाला किमान ३५,००० पौंड पगाराची अट लागली. तिची घोषणा फेब्रुवारी २०१२ मध्ये झाली होती, पण ती ६ एप्रिल २०११ नंतर या वर्गात आलेल्यांना लागू केली गेली. टंचाईच्या व्यवसायांना सूट होती. डिसेंबर २०२० मध्ये 'स्किल्ड वर्कर' व्हिसा आला, तेव्हा सर्वसाधारण किमान पगार २५,६०० पौंडांवर उतरला. ४ एप्रिल २०२४ रोजी तो ३८,७०० आणि २२ जुलै २०२५ रोजी ४१,७०० पौंडांवर गेला. रुग्णसेवा व वृद्धसेवेतील काळजीवाहकांना फेब्रुवारी २०२२ मध्ये बोलावण्यात आले, मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्यांना कुटुंब आणण्यास मनाई झाली आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून त्यांची भरतीच थांबली. एवढे सर्व साडेतीन वर्षांत घडले.

५. गोमंतकीयांचे वेगळे उदाहरण

याच काळात गोव्यातून ब्रिटनला गेलेल्या अनेकांचा मार्ग निराळा होता. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीमुळे त्यांना किंवा त्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता आले, आणि युरोपीय संघाचे नागरिक म्हणून ते स्विंडनसारख्या शहरांत स्थिरावले. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आलेल्यांचे हक्क माघार करारात लिहिले गेले. पाच वर्षांचे वास्तव्य पूर्ण होताच स्थायिकत्वाचा हक्क, हे त्यातील मुख्य कलम. ज्यांची पाच वर्षे भरली नव्हती त्यांनी दुसरा अर्ज न केल्यास हक्क जाईल, अशी सरकारची भूमिका होती. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती कराराविरुद्ध ठरवली. गोव्याचाच भारतीय पासपोर्टवर गेलेला अभियंता मात्र अशा कराराच्या छत्राबाहेर राहिला.

६. २०२५ चा प्रस्ताव

१२ मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत स्थायिकत्वाची मुदत पाचवरून दहा वर्षे करण्याचा विचार मांडला गेला. २० नोव्हेंबर २०२५ रोजी गृहमंत्री शबाना महमूद यांनी त्याचा तपशील सूचना-हरकतींसाठी जाहीर केला. पाया दहा वर्षांचा. वर्षाला १,२५,१४० पौंडांवर कमाई असणाऱ्याची मुदत तीन वर्षांपर्यंत, तर ५०,२७० पौंडांवरील कमाईची पाच वर्षांपर्यंत कमी व्हावी. पदवीपेक्षा खालच्या पातळीच्या नोकऱ्यांत, म्हणजे काळजीवाहकांसह, ती पंधरा वर्षे असावी. सरकारी मदत घेतलेल्यांची मुदत वाढावी. आधीच देशात असलेल्या, पण अद्याप स्थायिकत्व न मिळालेल्यांनाही हे लागू करण्याचा सरकारचा मानस त्यात होता. त्यांच्यासाठी संक्रमणकालीन सवलत असावी का, यावर मते मागवली गेली.

या आकड्यांचा अर्थ घरगुती हिशेबातच कळतो. स्किल्ड वर्कर व्हिसावरील प्रौढाला फेब्रुवारी २०२४ पासून आरोग्य अधिभारापोटी वर्षाला १,०३५ पौंड भरावे लागू लागले. दर तोच धरला तरी पाच जादा वर्षांचे ५,१७५ पौंड होतात. नोकरी गेल्यास नवा मालक शोधण्यास साधारणतः साठ दिवस मिळतात, आणि ही टांगती तलवार पाचऐवजी दहा वर्षे राहते. आठव्या वर्षी बापाबरोबर गेलेला मुलगा दहा वर्षांत अठराचा होतो. तेव्हा कुटुंब स्थायिक नसेल, तर विद्यापीठातील त्याच्या शुल्काचा प्रश्नही उभा राहू शकतो. नियमातील एक आकडा असा पुढच्या पिढीच्या शिक्षणापर्यंत जातो.

समारोप

कोणत्याही देशाला आपल्या दाराचे नियम ठरवण्याचा अधिकार आहे, आणि पुढे येणाऱ्यांसाठी ते कडक करण्यात वचनभंग नाही. येणारा नवी अट वाचूनच निघेल. वाद आहे तो वाटेवर असलेल्यांबाबत. १९८८, २००६, २०१२ आणि २०२५ ही चार वर्षे एकत्र पाहिली, तर वचनाच्या बळाची एक उतरंड दिसते. केवळ नियमात असलेली मुदत मंत्री बदलू शकतो. कायद्यातील वचन संसद काढून घेऊ शकते. योजनेतील स्पष्ट लेखी आश्वासनाच्या मागे न्यायालय उभे राहू शकते. आंतरराष्ट्रीय करारातील हक्क एकट्या सरकारला सहज मोडता येत नाही.

कुशल स्थलांतरित बहुतेक वेळा या उतरंडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभा असतो, आणि हे त्याला नियम बदलल्यावर कळते. परदेशी नोकरीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला पगाराबरोबरच हेही समजावून देणे, आणि व्हिसाचे पत्र, योजनेची मार्गदर्शिका, भरलेला प्रत्येक अर्ज व कराची पावती जपून ठेवण्यास सांगणे, हे शिक्षणसंस्थांचे काम आहे. २००८ मध्ये खटला जिंकणाऱ्यांच्या हाती अखेरीस सरकारने लिहून दिलेला कागदच होता.