लॅन्सेटमधला शोधनिबंध ते दारातली आशाताई : डॉ. बंग यांच्या संशोधनाचा प्रभाव कसा मोजायचा?

भंडारा : बाळ दवाखान्यात जन्मलं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने त्याला भेटायचं, असा नियम आहे. घरी जन्म झाला तर पहिल्या दिवसाची भेट वेगळी. लाखांदूर असो की तुमसर, नियम सगळीकडे एकच. या नियमामागचं संशोधन मात्र लाखांदूर-वडसा रस्त्याने पुढे गेलं की लागणाऱ्या गडचिरोलीतलं आहे.

कोणाचं संशोधन?

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग दोघेही नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेले. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. 2018 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

महत्त्वाचे शोधनिबंध

- 1989, लॅन्सेट : दोन गावांतील 650 महिलांची तपासणी. 92 टक्के महिलांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले.
- 1990, लॅन्सेट : गावपातळीवर न्यूमोनियाचे उपचार करून बालमृत्यू कमी करता येतात, हे दाखवणारा अभ्यास.
- 1999, लॅन्सेट : घरोघरी नवजात बाळाची काळजी. 39 गावांत हा प्रयोग झाला, तुलनेसाठी दुसरी 47 गावं होती.

तिसरा निबंध सर्वात गाजला. गावातल्याच बाईला ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवलं. बाळाचं वजन घेणं, त्याला ऊबेत ठेवणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं, ही कामं ती करू लागली. प्रयोगाच्या गावांत हजार जन्मांमागे 62 नवजात दगावत होते. तिसऱ्या वर्षी हा आकडा 25.5 वर आला. तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला.

सायटेशन म्हणजे काय?

एका संशोधकाने आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा आधार घेऊन तसा उल्लेख केला, की त्या दुसऱ्या निबंधाला एक सायटेशन मिळतं. यावरूनच ‘एच-इंडेक्स’ निघतो. हे माप 2005 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी सुचवलं. एखाद्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन असतील, तर त्याचा एच-इंडेक्स किमान दहा.

पण नुसती संख्या बघून भागत नाही. उल्लेख कोणी केला आणि त्यातून पुढे काय झालं, हेही बघावं लागतं. गडचिरोलीच्या निबंधाचा आधार घेत इतर ठिकाणीही प्रयोग झाले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत बांगलादेशातील सिल्हेटमध्ये नवजात मृत्यू 34 टक्के, तर उत्तर प्रदेशातील शिवगडमध्ये 54 टक्के कमी झाल्याचं दिसलं. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळांसाठी घरभेटींची संयुक्त शिफारस केली. 2011 मध्ये केंद्र सरकारने हे काम आशांकडे दिलं आणि सर्व भेटी पूर्ण केल्यावर 250 रुपये मोबदला ठरवला.

मोजमापात काय सुटतं?

सायटेशनची मोजणी मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांत होते. महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरचा ‘कोवळी पानगळ’ हा 2001 चा मराठी अहवाल राज्यभर चर्चेत आला, सरकारलाही त्याची दखल घ्यावी लागली. पण अशा अहवालाला एच-इंडेक्समध्ये सहसा जागा नसते. ज्या आरोग्यदूत बायांनी रात्री-बेरात्री बाळं तपासली, त्यांच्या कामाचंही तसंच.

आणि भेट झालीच नाही, तर हजार सायटेशन असूनही त्या बाळाला उपयोग शून्य. म्हणून घरात बाळ असेल तर भेटींचे दिवस लक्षात ठेवा. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडलं असेल किंवा श्वास जोरात चालत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच आशाताईला कळवा आणि दवाखाना गाठा.