ऑर्गन, गिटार आणि भांडणं

१९६७ च्या अखेरीस लंडनमधल्या टोनी एडवर्ड्स नावाच्या कापड-व्यावसायिकाला संगीताच्या धंद्यात पैसे घालायची हौस आली. त्याच्याकडे कल्पना घेऊन आला तो ‘द सर्चर्स’ या बँडचा जुना ड्रमर ख्रिस कर्टिस. कर्टिसच्या मनातला बँड अजब होता. मधे दोन-तीन माणसं पक्की, बाकीचे जत्रेतल्या चक्राकार पाळण्यात बसावं-उतरावं तसे येतील आणि जातील. नावही त्यानं तसंच योजलं होतं, ‘राऊंडअबाऊट’. स्वतः कर्टिस भलताच लहरी. काही आठवड्यांतच तो या उद्योगातून गायब झाला. पण जाण्यापूर्वी त्यानं दोन माणसं जमवून दिली होती: ऑर्गनवादक जॉन लॉर्ड आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोर.

१९६८ च्या वसंतात हर्टफर्डशरमधल्या डीव्हज हॉल या जुन्या घरात पाच जण मुक्कामाला गेले आणि तालमी सुरू झाल्या. लॉर्ड, ब्लॅकमोर, बेसवर निक सिंपर, गायला रॉड इव्हान्स आणि इव्हान्सच्याच ‘मेझ’ बँडमधून आलेला एकोणीस वर्षांचा ड्रमर इयन पेस. बरीच नावं सुचली, बाद झाली. शेवटी ‘डीप पर्पल’ ठरलं ते ब्लॅकमोरच्या आजीला त्या नावाचं एक जुनं गाणं आवडायचं म्हणून. एप्रिलमध्ये डेन्मार्कला पहिले कार्यक्रम झाले, आणि त्याच वर्षी जो साऊथनं लिहिलेलं ‘हश’ अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. घरी, इंग्लंडात, मात्र त्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं.

मराठी कानाला ऑर्गन परका नाही. संगीत नाटकांच्या सुवर्णकाळात तो रंगमंचापुढे भरदार सूर धरून असायचा, पण गायकाच्या मागे, अदबीनं. लॉरेन्स हॅमंड या अमेरिकनानं १९३५ साली बाजारात आणलेला विजेवरचा ऑर्गनही मुळात असाच सोज्वळ. ज्या चर्चना पाइप ऑर्गन परवडत नव्हता, त्यांची सोय व्हावी म्हणून तो आला. लॉर्डनं त्याला पार बिघडवलं. लेस्टरमध्ये वाढलेला, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत रीतसर शिकलेला हा माणूस. ब्लॅकमोरच्या गिटारपुढे आपलं काही ऐकू जात नाही हे ध्यानात आल्यावर त्यानं हॅमंडची वायर थेट गिटारवाल्यांच्या मार्शल अ‍ॅम्पला जोडली. सूर फाटला, गुरगुरायला लागला. ऐकणाऱ्याला कळेना की आत्ता वाजतेय ती गिटार की ऑर्गन! त्या काळच्या बहुतेक हार्ड रॉक बँडमध्ये गिटारवादक हाच सर्वेसर्वा. क्रीम घ्या, लेड झेपलिन घ्या. इथे सर्वेसर्वा दोन झाले. पर्पलचं वैभव आणि मनस्ताप, दोन्ही या मांडणीतून आले.

१९६९ च्या उन्हाळ्यात लॉर्ड, ब्लॅकमोर आणि पेस यांनी ठरवलं की इव्हान्सच्या मुलायम आवाजावर पुढे भागायचं नाही. ‘एपिसोड सिक्स’मधून इयन गिलनला आणलं, आणि त्याच्याबरोबर गाणी लिहिणारा बेसवादक रॉजर ग्लोव्हरही आला. पद्धत काही सभ्य म्हणता येणार नाही. नव्या संचाच्या तालमी गुपचूप चालू होत्या आणि त्याच दिवसांत इव्हान्स, सिंपर काहीच ठाऊक नसताना ठरलेले कार्यक्रम वाजवत होते. या नव्या पाचांना चाहते ‘मार्क टू’ म्हणतात. दर फेरबदलाला नवा क्रमांक द्यायचा, ही पर्पलच्या चाहत्यांची रीत. कोण कितव्या मार्कात होता यावर ते तासभर वाद घालू शकतात.

या संचाचं पहिलं मोठं काम लॉर्डच्या मनासारखं झालं. २४ सप्टेंबर १९६९ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यानं लिहिलेला ‘कन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ सादर झाला. एका बाजूला रॉयल फिलहार्मोनिक, दुसऱ्या बाजूला पर्पल आणि मधे बॅटन घेऊन संगीतकार माल्कम आर्नल्ड. वर्तमानपत्रांनी दखल घेतली, बँडचं नाव झालं. ब्लॅकमोर मात्र वैतागला. आपण रॉक बँड आहोत की ऑर्केस्ट्राचे पाहुणे? पुढचा अल्बम कडक, कर्कश, माझ्या पद्धतीचा होऊ दे, नाही चालला तर मी जन्मभर ऑर्केस्ट्राबरोबर वाजवीन, असं त्यानं लॉर्डला सांगितलं.

तो चालला. जून १९७० मध्ये आलेल्या ‘इन रॉक’च्या वेष्टनावर माउंट रशमोरच्या कड्यात अमेरिकी राष्ट्राध्यक्षांऐवजी या पाच जणांचे चेहरे कोरलेले दाखवले होते. उद्धटपणा होता, पण आतलं संगीतही तसंच होतं. ब्लॅक सबाथ आणि लेड झेपलिन यांच्या जोडीनं पुढे जिला हेवी मेटल म्हटलं गेलं त्या परंपरेच्या पायात हा अल्बम आहे.

त्यातलं सर्वांत गाजलेलं, दहा मिनिटांचं ‘चाइल्ड इन टाइम’ मात्र उसनवारीतून जन्मलं, आणि त्या उसनवारीत नावापुरती का होईना, मुंबई आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्युटिफुल डे’ या बँडची ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची व्हायोलिनप्रधान रचना १९६९ साली आली होती. लॉर्डनं तालमीत तिची धून सहज वाजवायला घेतली, बाकीच्यांनी लय उतरवली, गिलननं तिच्यावर शीतयुद्धाच्या धास्तीचे शब्द बसवले आणि शेवटी आवाज किंकाळीपर्यंत नेला. त्यानं हे कर्ज पुढे मोकळेपणानं मान्य केलं. गंमत म्हणजे त्या अमेरिकनांनीही पर्पलची ‘रिंग दॅट नेक’ आपल्या पुढच्या अल्बमसाठी उचलली. फिटंफाट!

आता माँत्रोची गोष्ट. डिसेंबर १९७१ मध्ये हा बँड रोलिंग स्टोन्सच्या मालकीचा फिरता स्टुडिओ भाड्यानं घेऊन स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा सरोवराकाठच्या या गावी आला. तिथल्या कॅसिनोत हंगामातला शेवटचा कार्यक्रम उरकला की रिकाम्या इमारतीत ध्वनिमुद्रण करायचं, असा बेत होता. तो शेवटचा कार्यक्रम फ्रँक झप्पाचा, ४ डिसेंबरला. पर्पलची मंडळी ऐकायला बसलेली. प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन झाडली, छत पेटलं, आणि काही तासांत कॅसिनोची राख झाली. माँत्रो जॅझ महोत्सवाचा संस्थापक क्लोद नोब्स धावपळ करून पोरांना बाहेर काढत होता. सुदैवानं कुणी दगावलं नाही. संध्याकाळी सरोवरावर पसरलेला धुराचा थर बँडनं हॉटेलातून पाहिला. काही दिवसांनी ग्लोव्हर झोपेतून जागा होताना चार शब्द पुटपुटला आणि गाण्याला नाव मिळालं: ‘स्मोक ऑन द वॉटर’.

नोब्सनं त्यांना पॅव्हेलियन नावाचं नाट्यगृह मिळवून दिलं. रात्री तिथे आवाज चढला आणि शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. पोलीस दाराशी उभे, बँडच्या मदतनीसांनी दार आतून दाबून धरलेलं, आणि त्या गाण्याची सुप्रसिद्ध रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून, मुद्रित होत होती. मग हकालपट्टी. शेवटी थंडीमुळे बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळकांडीत गाद्या उभ्या करून उरलेला अल्बम झाला. बाहेरच्या ट्रकमध्ये जाऊन आपलंच वाजवणं ऐकायचं तर खोल्या आणि गॅलऱ्या ओलांडत इतकं फिरावं लागायचं की त्यांनी ऐकणंच सोडून दिलं.

तो अल्बम म्हणजे मार्च १९७२ चा ‘मशीन हेड’. बँडला वाटत होतं, ‘नेव्हर बिफोर’ चालेल. ते फारसं चाललं नाही. ‘स्मोक ऑन द वॉटर’ १९७३ मध्ये वेगळं काढलं आणि ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं. रिफ अवघ्या चार सुरांची. गिटार हातात घेतलेला जवळपास प्रत्येक पोरगा तिच्यापासूनच सुरुवात करतो आणि बहुतेक वेळा चुकीची वाजवतो, कारण ब्लॅकमोर ती पिकनं न खरडता दोन-दोन तारा बोटांनी छेडून वाजवतो. शिवाय तिच्यातला अर्धा जाडपणा लॉर्डच्या फाटक्या ऑर्गनचा आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

जळालेला कॅसिनो पुन्हा उभा राहिला आणि त्यात माउंटन स्टुडिओज सुरू झाला. १९७९ मध्ये तो ‘क्वीन’नं विकत घेतला. म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेला फारुख बलसारा, अर्थात फ्रेडी मर्क्युरी, गात होता तो याच आगीनंतर उभ्या राहिलेल्या वास्तूत.

ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोतल्या तीन कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण झालं ते जपानी कंपनीच्या हट्टापायी. पर्पलला लाइव्ह अल्बममध्ये फारसा रस नव्हता. ‘मेड इन जपान’ आज अशा अल्बमांचा मानदंड मानला जातो. त्याच वर्षी लंडनच्या रेनबो थिएटरात ११७ डेसिबलची नोंद होऊन गिनेस बुकात ‘सर्वांत कर्कश्श बँड’ म्हणून नाव लागलं. तिघे प्रेक्षक बेशुद्ध पडले म्हणतात.

यश आलं तशी गिलन-ब्लॅकमोर यांच्यातली बोलाचाल संपली. जून १९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर बाहेर पडले. रेडकार गावात कपड्यांच्या दुकानात काम करणारा डेव्हिड कव्हरडेल गायक म्हणून आला, बेसला ग्लेन ह्यूज आला. ‘बर्न’ उत्तम निघाला. पुढे संगीतात फंक आणि सोल मिसळू लागलं ते ब्लॅकमोरला सोसेना. १९७५ मध्ये तोही गेला. त्याच्या जागी आलेला टॉमी बोलिन गुणी होता, पण व्यसनात बुडालेला. मार्च १९७६ मध्ये लिव्हरपूलला शेवटचा कार्यक्रम झाला, बँड मोडला, आणि त्याच डिसेंबरात पंचवीस वर्षांचा बोलिन वारला.

मोडलेल्या बँडचं नाव मात्र बाजारात खपत होतं. १९८० मध्ये अमेरिकेत ‘डीप पर्पल’ नावानं कार्यक्रम सुरू झाले. त्या संचात खरा जुना सभासद एकटाच, रॉड इव्हान्स. प्रकरण न्यायालयात गेलं, ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई लादली गेली, जुन्या अल्बमांच्या मानधनावरचा इव्हान्सचा हक्कही गेला. त्यानंतर हा माणूस सार्वजनिक जीवनातून नाहीसा झाला. १९६९ मध्ये त्याला ज्या रीतीनं काढलं होतं ते आठवलं, तर त्याच्याविषयी थोडी कणव वाटतेच.

१९८४ मध्ये मार्क टू पुन्हा एकत्र आला, ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ गाजला, आणि जुनी भांडणंही परतली. गिलनला १९८९ मध्ये काढलं, १९९२ मध्ये परत बोलावलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये, जपानचा दौरा तोंडावर असताना, ब्लॅकमोर कायमचा निघून गेला. तो दौरा जो सॅट्रियानीनं निभावून नेला आणि १९९४ पासून स्टीव्ह मोर्सनं गिटार सांभाळली ती २०२२ पर्यंत, म्हणजे ब्लॅकमोरपेक्षा कितीतरी जास्त काळ. ऑर्केस्ट्राला वैतागलेला ब्लॅकमोर पुढे पत्नीबरोबर युरोपातलं प्रबोधनकाळाच्या वळणाचं संगीत वाजवू लागला, हा विनोद लॉर्डला नक्की कळला असणार.

लॉर्डच्या कन्चेर्टोची स्वरलिपी १९७० नंतर कुठेतरी हरवली होती. मार्को दे गूय या तरुण डच संगीतकारानं ध्वनिमुद्रण आणि चित्रफीत पुन्हा पुन्हा ऐकून-पाहून ती सुरासुरानं कागदावर उतरवली. सप्टेंबर १९९९ मध्ये, बरोबर तीस वर्षांनी, त्याच अल्बर्ट हॉलमध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर ती पुन्हा वाजली. २००२ मध्ये लॉर्डनं बँड सोडला आणि शास्त्रीय रचनांकडे वळला. त्याची जागा डॉन एअरीनं घेतली. जुलै २०१२ मध्ये लॉर्ड गेला.

१९७३ मध्ये कोपनहेगनला वडिलांबरोबर पर्पलचा कार्यक्रम पाहिलेला नऊ वर्षांचा लार्स उलरिक पुढे ‘मेटॅलिका’चा ड्रमर झाला. २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पर्पलचं स्वागत करायला तोच उभा राहिला. ‘मशीन हेड’चा ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च पुढे ‘आयर्न मेडन’चे अल्बम घडवत होता. हॉल ऑफ फेमच्या यादीत निक सिंपर नव्हता, तेव्हा बावीस वर्षं गिटार वाजवत असलेला मोर्सही नव्हता. ब्लॅकमोर होता, पण तो समारंभाला फिरकला नाही.

पहिल्या दिवसापासून आजवर प्रत्येक संचात असलेला माणूस एकच, इयन पेस. २०२४ मध्ये आलेल्या ‘इक्वल्स वन’ या तेविसाव्या स्टुडिओ अल्बमवर गिटार आहे बेलफास्टच्या सायमन मॅकब्राइडची. त्याचा जन्म १९७९ चा, बँड पहिल्यांदा मोडला त्यानंतर तीन वर्षांनी. एअरीचा हॅमंड त्याला एकही वाक्य सुखानं पुरं करू देत नाही, आणि तोही एअरीला.