एफ दक्षिणमधलं नायगाव

मुंबईच्या नायगावात नळाला पाणी आलं नाही की तक्रार पालिकेच्या ‘एफ दक्षिण’च्या वॉर्ड ऑफिसात, म्हणजे परळला जाते. जागेचे कागद काढले तर त्यांवर ‘दादर-नायगाव विभाग’ असतो. विधानसभेचं मत मात्र वडाळ्यात पडतं. एकाच वस्तीवरच्या या तीन रेघा वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या गरजांपोटी ओढल्या गेल्या.

सगळ्यांत चिवट रेघ जमिनीची. 1865 ते 1872 या काळात कर्नल लॉटन यांनी मुंबईची मोजणी केली. जमीन कुणाची आणि सारा किती, हे ठरवायचं तर जुन्या गावांची नावं टाकून चालत नव्हतं. म्हणून परळ-शिवडी, दादर-नायगाव ही नावं भूमापनाच्या दप्तरात आजही नांदतात.

पालिकेची गरज निराळी होती. झाडलोट, गटारं, घरपट्टी यांसाठी तिला गावं नकोत, कामाचे तुकडे हवेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराचे ए ते जी असे सात वॉर्ड होते. मोजणी कुठून सुरू झाली ते अक्षरंच सांगतात. ए म्हणजे साहेबाचा कोट आणि कुलाबा, मग मांडवी-डोंगरीचा बी, भुलेश्वरचा सी, गिरगाव-वाळकेश्वरचा डी, माझगाव-भायखळ्याचा ई. दाटीवाटीच्या इवल्याशा सी वॉर्डाचे अनेक पोटविभाग, तर अफाट एफचे परळ, शिवडी आणि शीव असे तीनच. त्या यादीत नायगावला स्वतंत्र जागाच नव्हती.

एफमधली ही विरळ वस्ती फार काळ तशीच राहायची नव्हती. 1896 च्या प्लेगनंतर 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती उभ्या राहू लागल्या. 1920 नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, कामगारांसाठी चाळी बांधल्या; त्यांतल्या 42 नायगावात उभ्या राहिल्या. माणसं वाढली तसा एफ पुरेना, त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन झाले. तिकडे 1950 आणि 1957 मध्ये हद्द उत्तरेला सरकत मुलुंड-दहिसरपर्यंत पोचली, आणि अक्षरं टी पर्यंत. वॉर्डांची संख्या 24 झाली आणि बराच काळ तेवढीच राहिली.

तिसरी रेघ मतांची. 1872 च्या कायद्याने पालिकेत 64 सभासद आले, त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे. चाळीतल्या सरसकट सगळ्या प्रौढ भाडेकरूंना पालिकेचं मत मिळालं ते 1948 च्या निवडणुकीत, प्रौढ मताधिकाराने. ही रेघ मात्र लोकसंख्येबरोबर हलते. नायगाव नावाचा विधानसभा मतदारसंघ 2004 च्या निवडणुकीपर्यंत होता. 2009 ला फेररचनेत तो गेला आणि वडाळा आला.

तीन रेघांचा मेळ न बसल्याचा परिणाम वॉर्ड ऑफिसात दिसतो. नायगावकर आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडतात, असे 227 प्रभाग मुंबईत आहेत. पण अनेक प्रभाग मिळून झालेल्या एफ दक्षिणचा कारभार चालवतो सहायक आयुक्त, आणि तो नेमलेला अधिकारी. तुलनेला दक्षिण कोरियातलं सोल शहर घ्या. तिथले ‘गू’ नावाचे विभागही 1943 मध्ये जपानी अमलात, प्रशासनाच्या सोयीसाठीच पाडले गेले. आज ते 25 आहेत, आणि 1995 पासून प्रत्येकाचा प्रमुख तिथले मतदार थेट निवडतात. परक्या राजवटीने घालून दिलेली विभागांची पद्धत सोलवाल्यांनीही ठेवली, आपणही ठेवली. त्यांनी तिच्या खुर्चीसाठी मतपेटी ठेवली. आपल्याकडे त्या खुर्चीवर अजून बदलीचा हुकूम घेऊन येणारा माणूस बसतो.