सोळा आण्यांचं गाव

रामाकोना, सौंसर, पांढुर्णा हा आपला भाग मालगुजारीचा. त्या पद्धतीत गाव लहान असो की मोठं, ते सोळा आणेच. कोणाचा हिस्सा आठ आणे, कोणाचा चार. हे आणे पैशांचे नव्हेत, मालकीचे.

सोळाच का? अर्धे करत जा: आठ, चार, दोन, एक. कुठेच अपूर्णांक नाही. शंभर मात्र पंचवीसवर अडतो, पुढे साडेबारा. आणि वारस तीन भाऊ असले तर? एका आण्याच्या १२ पै, सोळा आण्यांच्या १९२. प्रत्येकाला ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. वाटणी चोख!

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. १ एप्रिल १९५७ पासून रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. दोन आण्यांचे हिशेबाने साडेबारा पैसे होत, मिळत बारा.

पिकाच्या अंदाजाला मात्र लोक अजून आणेवारीच म्हणतात. शेजारच्या विदर्भात वर्षानुवर्षे ती ५० पैशांच्या आत आली तरच गाव दुष्काळी यादीत जाई. नाव आण्यांचं, मोजणी पैशांत. पण शेतकऱ्याचं नशीब ठरवणारी रेघ तीच जुनी, आठ आण्यांची.