दया आणि न्याय : मिरजेचें रुग्णालय व करवीरचा हुकूम

दया आणि न्याय हे शब्द आपण एका श्वासांत उच्चारतों. पण दया देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते, तर न्याय मागणाऱ्याच्या हक्कावर उभा असतो. देवाला माणसाकडून काय हवें, हें सांगतांना बायबलांतील मीखा संदेष्ट्यानें न्यायाचें नांव आधीं घेतलें, दयेचें मागाहून आणि नम्रतेचें शेवटीं. आपल्या करवीर प्रांताचा इतिहास ह्या क्रमाकडे ध्यान देऊन पाहण्याजोगा आहे.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ सालीं कोल्हापुरास आले. शाळा चालविणें हें त्यांच्या कार्याचें एक मुख्य अंग होतें. पुढें ह्याच मिशनच्या कामासाठीं कॅनडांत जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले, आणि १८९४ सालीं मिरजेस त्यांचें रुग्णालय उघडलें. धर्मप्रसाराचा हेतु मिशननें लपविला नव्हता. त्यामुळें संशय बाळगणारेही होते. तरी शस्त्रक्रियेसाठीं सर्व जातिधर्मांचे रोगी दुरून मिरजेची वाट धरूं लागले.

येशूच्या दृष्टांतांतील शोमरोनी मनुष्य जखमी वाटसरूस पट्ट्या बांधून थांबला नाहीं. त्यानें पुढील खर्चाचीही हमी घेतली. वॉनलेस यांनीं १८९७ सालीं मिरजेस वैद्यकाची शाळा काढली, ती अशाच दूरदृष्टीनें. औषध देणें ही दया. औषधाची विद्या इथल्या तरुणांच्या हातीं देणें, हा न्यायाचा आरंभ होय.

परंतु एका रुग्णालयाचें दार उघडलें म्हणून राज्यांतील सारीं दारें उघडत नाहींत. तें काम राजाज्ञेचें. शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेविल्या. १९१९ सालीं त्यांनीं दवाखान्यांतून अस्पृश्य रोग्यांस समतेनें वागविण्याचा हुकूम काढला. ज्या नोकरास तो मान्य नसेल त्यानें राजीनामा द्यावा, असेंही बजाविलें. तेव्हांपासून त्या रोग्यास डॉक्टराच्या कृपेची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. हुकूम त्याच्या पाठीशीं होता.

छत्रपति ख्रिस्ती नव्हते. मीखानें आधीं सांगितलेली गोष्ट मंडळीबाहेरच्या हातांनीं घडली, हें ख्रिस्ती मनुष्यानें मोकळ्या मनानें मानलें पाहिजे; कारण जातीची आठवण ख्रिस्ती मंडळींतूनही सर्वस्वीं पुसली गेली, असें म्हणवत नाहीं. येशूनेंही दृष्टांताचा नायक स्वजनांतून निवडला नाहीं. ज्यास त्याचे श्रोते तुच्छ लेखीत, असा परकाच निवडला. मीखाच्या तिसऱ्या शब्दाचा, नम्रतेचा, अर्थ ह्याहून निराळा नसावा.